गुटकेवाले सर

भद्रावतीच्या आमच्या तांत्रिक संस्थेत मी रुजू झालो, त्या दिवशी शिपायानं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "टर्नरच्या वर्गावरच्या सरांपासून जरा दूर राहाजा. त्याईच्याजवळ चाळीस परकारचे गुटके हायेत."

राज्यात गुटखा बंद. संस्थेच्या दारातच तंबाखूविरोधी पाटी, तिच्यावर कवटी. अशा जागी एक माणूस चाळीस प्रकार बाळगतो म्हणजे त्याचे हात फार वरपर्यंत पोचलेले असणार, या हिशेबानं मी सरांना आठवडाभर जरा जास्तच वाकून नमस्कार घातले. आठव्या दिवशी त्यांनी मला क्वार्टरवर बोलावलं, दार लोटलं आणि स्टीलचा मसाल्याचा डबा माझ्यापुढे उघडला. सात वाट्या. कोणात काळे, कोणात करडे, कोणात पिवळट, एकीत चक्क गुलाबी, असे बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे.

"घ्या. दाबून पाहा. नखानं दाबा, अंगठ्यानं नाई. अंगठा खोटं बोलते."

ते सायकलच्या ब्रेकचे गुटके होते. ब्रेक दाबला की चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी आवळतात, ते. बाकीचे तेहतीस प्रकार पलंगाखाली बरण्यांमध्ये होते.

"डबा माझा हाय," आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "हळद आता कागदात ठेवा लागते मले. मले पाहाले आले होते तं पंधरा मिन्टात हो म्हनून गेले. गुटक्याले पंधरा दिवस लागतेत."

सर खाली मान घालून म्हणाले, "खरं हाय. तेव्हा मले निवड करता येत नव्हती." याचा अर्थ काय घ्यायचा ते आतून दोन मिनिटं कोणी ठरवू शकलं नाही, आणि मग भांडी जोरात वाजली.

सरांची सायकल बुटकी होती आणि तिला सीट नव्हती. ट्रायल्स नावाचा एक खेळ असतो. त्यात कोणी कोणाच्या पुढे जायचं नसतं. पाय जमिनीला न लावता सायकलनं दगडावर, भिंतीवर, ओंडक्यावर चढायचं, मागच्या एका चाकावर उभं राहायचं आणि तिथून पुढच्या दगडावर उडी मारायची. या सगळ्यात बसायची वेळच येत नाही, म्हणून सीट नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी सरांनी हे मोबाईलवर पाहिलं आणि पुण्याच्या एका कॉलेजवाल्याकडून जुनी सायकल मागवली. भद्रावतीच्या दृष्टीनं मात्र ती सीट चोरीला गेलेली सायकल होती. स्टँडपासून क्वार्टरपर्यंत दहा जण तरी ओरडायचे, "सर, सीट नेली ना कोनं तरी!" एका हवालदारानं तर त्यांना थांबवून आपणहून तक्रार लिहायला घेतली. सरांनी अर्धा तास खेळ समजावला. हवालदारानं लिहिलं, 'सायकलला मुळातच सीट नव्हती, असे मालकाचे म्हणणे,' आणि वही मिटून हळूच विचारलं, "तरी कोनावर संशय?"

संस्थेच्या मागे पडक्या गोडाऊनचे काँक्रीटचे ठोकळे होते. सुट्टी झाली की सर त्यांच्यावर. कंबरेएवढ्या ठोकळ्याच्या कडेवर मागचं चाक टेकवून ते उभे राहायचे तेव्हा खरंच बघत राहावंसं वाटे. साधी सायकल थांबवायची तर ब्रेक थोडा उशिरा लागला तरी चालतं. इथे ब्रेक दाबला की चाक दगड झालं पाहिजे. दोन बोटं जरी मागे फिरलं तर माणूस पाठीवर.

"ब्रेक दोनच परकारचे असतेत," सर म्हणायचे. "एक धरते. एक धरल्यासारखं करते. कंपनी कोनतीही घ्या."

म्हणून धरणारा गुटका शोधणं हा त्यांचा आयुष्यक्रम झाला. मऊ रबर ओल्यात बरं, पण जोर दिला की वाकतं. कडक प्लॅस्टिक कोरड्यात असं धरतं की विचारू नका, पण पाण्याचा थेंब पडला की रिम ओळखत नाही. त्यांनी कोळसा खाणीतल्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून पाहिलं, पिठाच्या गिरणीचा पट्टा पाहिला, ट्रकचा टायर पाहिला, माझ्या सँडलचा तळ मला न विचारता पाहिला. गुटका नीट चावावा म्हणून ते ग्राइंडर घेऊन रिमवर बारीक ओरखडे काढत. त्यामुळे ब्रेक दाबला की अशी शीळ निघे की कॉलनीतल्या बायका कुकरची शिट्टी समजून गॅस बंद करत. त्या वर्षी आमच्या कॉलनीनं कितीदा तरी कच्ची डाळ खाल्ली.

माणसंही ते असेच नखानं दाबून बघत. आमचे प्राचार्य साताऱ्याकडचे, बोलायला गोड. त्यांच्याबद्दल सरांचं मत, "चमक चांगली हाय. दाबला का वाकते." मी फार आशेनं माझ्याबद्दल विचारलं. सर म्हणाले, "तू उन्हाळ्यात चांगला. पानी पडलं का सुटशीन."

मला राग आला होता. तो फार दिवस टिकू शकला नाही, कारण लवकरच पाणी पडलं.

झालं असं, की संस्थेचं प्रदर्शन होतं आणि नागपूरहून मोठे साहेब यायचे होते. सरांनी ठोकळ्यांवरची प्रात्यक्षिकं करावीत असं ठरलं. तेवढ्यात कुठल्याशा परिपत्रकात 'प्रमुखांनी स्वतः पुढे होऊन नेतृत्व करावे' असं वाक्य आलेलं प्राचार्यांच्या वाचनात आलं. त्यांनी जाहीर केलं की दोन ठोकळ्यांच्या मध्ये ते स्वतः आडवे पडतील आणि सर त्यांच्यावरून उडी मारतील. सरांनी तीन आठवडे गुटके निवडले. हवा कोरडी, म्हणून कडक जातीचे. शेवटच्या रात्रीपर्यंत दोन जोड्यांत त्यांचं ठरत नव्हतं; सकाळी ठरलं आणि ते लग्न जमल्यासारखे प्रसन्न दिसत होते.

साहेब यायच्या दहा मिनिटं आधी प्राचार्य मला म्हणाले, "अहो, सायकलची पूजा नको का? फोटोत चांगलं दिसतं." सर कपडे बदलायला गेले होते. मी सायकलला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि मागच्या चाकाशी नारळ फोडला. पाणी रिमवर उडालं. फोटोत डाग दिसू नये म्हणून वर्कशॉपमधलं एक फडकं घेऊन मी रिम पुसूनही काढली. चांगली चकाकली.

साहेब आले. टाळ्या झाल्या. प्राचार्य सतरंजीवर आडवे झाले, छातीवर हात, डोळे मिटलेले. फोटोवाला गुडघ्यावर बसला. सर ठोकळ्याजवळ आले आणि नेहमीसारखा ब्रेक दाबून त्यांनी सायकल मागे रेटली.

आवाज झाला नाही. जमलेल्यांना बरं वाटलं, आज पहिल्यांदाच कान वाचले. सरांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. चाक लोण्यावरून फिरल्यासारखं फिरलं.

"साहेब, उठा," सर प्राचार्यांना म्हणाले.

"झालं?" प्राचार्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"सुरूच नाई झालं. ब्रेक धरत नाई."

"मग हळू मारा की उडी!"

"हळू उडी नसते साहेब."

नागपूरच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"रिम धुवा लागन, वाळवा लागन, गुटके बदला लागन. दोन तास."

"एका माणसावरून उडी मारायला दोन तास?"

"मान्‌स नसता तं आत्ताच मारली असती," सर म्हणाले.

मागून कोणीतरी हसलं, आणि तिथेच सरांचं भवितव्य ठरलं. त्यांनी वाकून रिमचा वास घेतला आणि माइकवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नारळ कोनं फोडला इथी?" माझ्या हातात खोबऱ्याचं ताट होतं. मी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य सतरंजी झटकत म्हणाले, "तो विषय नंतर." साहेब खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून गाडीत बसले. प्राचार्यांचं डोकं शाबूत राहिलं होतं, पण फोटो निघाला नव्हता, आणि फोटो न निघाल्याचं दुःख त्यांना अधिक होतं.

महिन्याभरात आदेश आला. 'वरिष्ठांच्या उपस्थितीत नियोजित प्रात्यक्षिक न करून संस्थेच्या प्रतिमेस बाधा आणल्यामुळे' सरांची बदली आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका शाखेवर. तिथे इमारत होती. लेथ मशीन मंजूर होतं. आमच्या खात्यात गडचिरोली हा जिल्हा धरत नाहीत, शिक्षा धरतात. जे तिथेच जन्मले त्यांनी कोणता गुन्हा केला होता, हे अजून कोणी आदेशात लिहिलेलं नाही.

निरोपाला सगळे मयतीला आल्यासारखे बसले. सरांना मच्छरदाणी आणि बॅटरी भेट दिली. प्राचार्य आवाज ओला करून बोलले. सर उत्तराला उभे राहिले आणि विचारलं, "तिथला दगड कसा हाय, कोनाले मालूम हाय का?" कोणालाच माहीत नव्हतं. मला बोलायचं होतं. मी चिवडा खात राहिलो.

त्यांच्या पत्नी शाळेत शिक्षिका, त्या भद्रावतीलाच राहिल्या. मसाल्याचा डबा सरांबरोबर गेला. त्या दिवशी त्यांनी नवीन डबा आणला, तो मला मुद्दाम बोलावून दाखवला, आणि मग पदरानं डोळे पुसले.

पुढच्या पावसाळ्यात मी सरांकडे गेलो. म्हणजे मला जावं लागलं. वर्षभर काही ना काही खाताना तो चिवडाच घशात अडकल्यासारखं व्हायचं. बस आलापल्लीपर्यंत ठीक होती, पुढे ती रस्ता विचारत विचारत गेल्यासारखी गेली. सर शाखेच्या व्हरांड्यात बसले होते. समोर पाण्याच्या परातीत चामड्याचे तुकडे.

मी चहासुद्धा घेतला नाही. "सर, तो नारळ मी फोडला होता."

"मालूम हाय. तुह्या हातात ताट होतं." त्यांनी एक तुकडा उचलून नखानं दाबला. "पुसली कायनं?"

"काय?"

"रिम. रिम पुसली होती कोनं तरी. कायनं?"

"लेथजवळच्या फडक्यानं."

सर ताडकन उठले. "तेलाचं फडकं! अरे बावा! मी इथी सहा महिने नारळाच्या पान्यावर परयोग करून राह्यलो. अठरा नारळ फोडले. पानी वाळलं का गुटका धरतेच, मंग त्या दिवशी काऊन नाई धरला? डोक्स्याचा भुगा झाला माह्या! तेल!" त्यांनी मला मिठी मारली. मी वर्षभर जपून ठेवलेल्या अपराधाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. क्षमा मागायला आलेल्या माणसाचे आभार मानले गेले तर त्यानं कुठे बघायचं, ते मला अजून समजलेलं नाही.

चामड्याचं प्रकरण वेगळं होतं. तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाई. तिशीच्या, जवळच्याच गोंड पाड्यातल्या, आवाज खणखणीत. लसीचा डबा कॅरियरला बांधून त्या एका जुन्या काळ्या सायकलवर पाडे फिरायच्या. सायकलची रिम लोखंडी, गुळगुळीत. पावसात तिचा ब्रेक नुसता नावाला, म्हणून त्या उतारावर चपला घासत थांबायच्या. सरांनी ते पाहिलं आणि सायकल ताब्यात घेतली. इथपर्यंत पुण्याचं काम. पण मग निवड सुरू झाली.

आमचं बोलणं चालू असतानाच त्या आल्या. "सर, उद्या देतो म्हनलं होतं. आज नववा दिवस हाय. नऊ दिवस पायी फिरून राह्यली मी."

"बाई, ओल्या लोखंडाले रबर धरत नाई. चामडं धरते. पन कोनतं चामडं, भिजवून किती, जाडी किती..."

"पोरायले लस देऊ का तुमची जाडी मोजू? पल्ल्याडच्या पाड्यावर बाया वाट पाहून राह्यल्या." त्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल ओढली. चामड्याचे गुटके त्याच सकाळी बसवले होते.

"तपासनी नाई झाली अजून!" सर ओरडले.

"मी करते तपासनी," म्हणून बाई निघाल्याही. भुरभुरणारा पाऊस आता जोर धरत होता.

 सरांनी आपली बिनसीटची सायकल काढली आणि उभ्यानंच बाईंच्या मागे सुटले. मी धावलो. गावाबाहेर रस्ता एकदम उतरतो, वळण घेतो, आणि वळणापलीकडे नाल्यावरचा रपटा, म्हणजे पुरात पाणी वरूनच जातं असा बुटका पूल. वरून मला दिसत होतं ते बाईंना वळणामुळे दिसत नव्हतं. रपटा पाण्याखाली गेला होता. लाल पाणी, मध्ये झाडाची फांदी गरगरत होती. मी ओरडलो, पावसात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

बाई वळल्या. आणि ती शीळ आली. भद्रावतीला जिच्यामुळे डाळी कच्च्या राहिल्या, तीच, पण जाड, चामड्याची. सायकल थरथरत, चिखल कापत गेली आणि पाण्याच्या कडेला थांबली. पुढच्या चाकाला पाणी लागत होतं. बाईंनी एक पाय टेकवला आणि मागे वळून लसीचा डबा चाचपला.

तेवढ्यात त्यांना घासून सर पुढे गेले.

घाईत त्यांनी गुटके बदलले नव्हते. त्यांच्या सायकलला उन्हाळ्याचे, कडक जातीचे होते. ब्रेक पूर्ण दाबलेला, चेहऱ्यावर कमालीचं आश्चर्य, आणि आवाज अजिबात नाही, अशा अवस्थेत ते सरळ नाल्यात गेले. पाण्यानं त्यांना आडवं केलं. बाईंनी स्वतःची सायकल टाकली, गुडघाभर पाण्यात उडी घेतली आणि त्यांची कॉलर धरली. पाणी ओढत होतं. बाई रपट्याच्या खांबाला दुसऱ्या हातानं धरून होत्या आणि गोंडीत काहीतरी म्हणत होत्या, ते शब्द मला येत नाहीत, पण सूर ओळखीचा होता. मी पोचलो, सरांचा हात धरला. चिखलात माझा पाय घसरत होता. हात सुटत चालला होता. मी डोळे मिटून धरून राहिलो. तिघं कसेबसे काठाला आलो तेव्हा सरांची सायकल फांदीच्या मागोमाग निघून गेली होती.

सर चिखलात पालथे पडून धापा टाकत होते. पाणी ओकून झाल्यावर त्यांनी मान वर केली. आम्हाला वाटलं, आता आभार मानतील.

"बाई," ते म्हणाले, "दाबल्यापासून किती हातावर थांबली?"

 नर्सबाई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. सरांनी खिशातून भिजलेली मोजपट्टी काढली. चाकाचा माग पावसानं पुसायच्या आत त्यांनी तो मोजला. मी पट्टीचं दुसरं टोक धरलं होतं. ते चिखलात सरकलं तसे सर म्हणाले, "नीट धर. दोन बोटं फरक पडते."

त्यानंतर पाड्यापाड्यांतून सायकली यायला लागल्या. तेंदूपत्त्याची ओझी वाहणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या मुलींच्या. काही म्हातारे नुसते बघून जात. "ब्रेक लावला तं थांबा लागन ना," एकजण म्हणाला, "मंग घरी कवा पोचाव?" पण तोही पावसाच्या आधी येऊन गेला.

तीन वर्षांनी सरांना भद्रावतीला परत पाठवायचा आदेश निघाला. सरांनी अर्ज केला की मला इथेच राहू द्या. खातं हादरलं. आजवर गडचिरोलीतून सुटण्यासाठी लोकांनी आजारपणाचे दाखले आणले होते, वरच्यांना फोन करवले होते. राहू द्या म्हणणारा हा पहिलाच. म्हणजे तिथे नक्की काहीतरी खाण्यासारखं असणार. चौकशी लागली. एक चौकशी अधिकारी आले आणि त्यांच्या मदतीला, तो भाग पाहिलेला माणूस म्हणून, मी.

अधिकाऱ्यांनी शाखेतली कपाटं उघडून पाहिली. मसाल्याच्या डब्याचं झाकण त्यांनी फार आशेनं उघडलं. मग नर्सबाईंना बोलावलं.

"या सरांनी तुमच्याकडून कधी काही घेतलं?"

"नाई."

"मग त्यांना इथे राहण्यात काय फायदा आहे?"

"त्याईले मालूम."

"तुम्हाला काय फायदा झाला?"

बाईंनी थोडा विचार केला. "मी जित्ती हाव ना साहेब."

 या उत्तरासाठी चौकशीच्या छापील नमुन्यात रकाना नव्हता. शेवटी त्यांनी मला लिहायला सांगितलं, 'सायकलच्या ब्रेकचे रबर बसवून दिल्याचे दिसून येते. साक्षीदार हयात असल्याचे निदर्शनास आले. अन्य लाभ आढळला नाही.'

अहवाल सरांपुढे सहीसाठी ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. त्यांना राहू द्यावं की नाही हे त्या कागदावर ठरणार होतं. त्यांनी पेन उचललं. सही करून त्यांनी खाली एक ओळ लिहिली. बाकी काही म्हणायचं नव्हतं त्यांना. ती ओळ आजही फायलीत आहे, सरही आजपर्यंत तिथेच आहेत:

'मान्य. फक्त रबर या शब्दाऐवजी चामडे असे वाचावे.'